बिनकचऱ्याचं घर

शिरड शहापुरात भिकाबाईचा उकिरडा बघायला माणसं वाट वाकडी करून येत. हे ऐकून कुणाला हसू येईल, पण ज्याला शेती कळते तो हसणार नाही. गोठ्यामागं तिनं पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला होता. त्यात शेण, मूत, राख, पालापाचोळा, चुलीपुढचा केर असं सगळं ती थरावर थर देऊन निगुतीनं रचायची. मृगाच्या आधी तो खड्डा उघडला की आतून असं काळंभोर, भुसभुशीत खत निघे की थोरला लेक सटवाजी म्हणे, "माय, हे रानात टाकायचं का ताटात वाढायचं?"

नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. दोन लेकरं, आठ एकर रान आणि हा उकिरडा, एवढ्यावर भिकाबाईनं संसार तोलून धरला होता. नवी सून घरात आली की तिला आधी देव दाखवायचे आणि लगेच उकिरडा, ही रीत तिनंच पाडलेली.

धाकटा तातेराव मात्र उर्दू शिकला आणि हिंगोलीच्या कचेरीत नकलनवीस झाला. म्हणजे दिवसभर बसून एका कागदाचे दोन कागद करायचे. स्वभावानं तो इतका भित्रा की साहेबाला शिंक आली तरी हाच माफी मागे. निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे बावन्नच्या सुमाराची ही गोष्ट. तिकडं जगात मोठी लढाई चालू होती आणि इकडं तातेरावची बायको शालूबाई बाळंत झाली होती. शालूबाईला माहेरी आई नव्हती. तेव्हा बाळंतिणीचं करायला भिकाबाई आयुष्यात पहिल्यांदा शहरात राहायला आली. येताना दुधाची एक शेळीही घेऊन आली. शहरातल्या दुधावर तिचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर शहरातल्या कशावरच नव्हता.

पहिल्याच सकाळी ती अंगण झाडत होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खण् खण् घंटा वाजली. तिनं डोकावून पाहिलं. पांढऱ्या बैलांची जोडी, मागं गाडी, आणि मुंडासं बांधलेला एक माणूस दोरी ओढून घंटा वाजवतोय. नंदीबैलवाला! भिकाबाई लगबगीनं आत गेली, पसाभर जवारी आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. गाडीवाला तोंड उघडायच्या आत तिनं दोन्ही बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि विचारलं, "सांग रे देवा, माझा नातू मोठा साहेब व्हईल का?"

डाव्या बैलाच्या कानाशी माशी बसली होती. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"नीट बघून सांग," भिकाबाई त्याच्यावर डाफरली.

गाडीवाल्याचं नाव खेमा. माणूस गरीब. त्याच्या गाडीपुढं आजवर कुणी हात जोडले नव्हते. तो चाचरत म्हणाला, "मावशी, कचरा हाय का?"

"काय?"

"कचरा. घरातला कचरा द्या."

भिकाबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. धडधाकट माणूस, चांगली बैलजोडी, आणि दारोदार कचरा मागत हिंडतोय! तिचा जीव कळवळला. "अरे लेकरा," ती म्हणाली, "काय रे ही पाळी आली तुझ्यावर? कचरा काहून मागतूस? थांब जरा." आणि तिनं आतून दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून त्याच्या हातावर ठेवला. खेमानं एकदा भाकरीकडं पाहिलं, एकदा गाडीकडं पाहिलं. मग भाकरी मुंडाशाच्या पदरात बांधली आणि घंटा वाजवत पुढं गेला.

आत बाजेवर शालूबाई हसून हसून बेजार झाली. "आत्याबाई, तो भिकारी न्हाई हो. तो कचऱ्याची गाडी हाकतो."

"कचरा नेतो? अन् त्याबदल्यात काय देतो?"

"काही देत न्हाई. फुकटात नेतो."

"म्हंजे लुटारू हाय म्हण की," भिकाबाई म्हणाली आणि दोन भाकरी वाया गेल्याचं दुःख करत चुलीकडं वळली.

संध्याकाळी तातेराव घरी आल्यावर त्यानं मायला गल्लीच्या टोकाला नेलं. तिथं भिंतीवर उर्दूतला इश्तेहार, म्हणजे सरकारी जाहीरनामा, चिकटवलेला होता. गल्लीत तो वाचता येणारा तातेराव एकटाच. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवला. "घंटा वाजली की दरेक घरवाल्यानं आपला कचरा गाडीत आणून टाकावा. नालीत टाकू नये. रस्त्यावर टाकू नये. दुसऱ्याच्या दारात टाकू नये. हुकूम न मानणाऱ्याची गय केली जाणार नाही."

"समदं बराबर हाय," भिकाबाई म्हणाली. "पण कचरा म्हंजे काय ते कुठं लिवलंय?"

तातेरावनं इश्तेहार पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. "म्हंजे... जे कामाचं न्हाई ते, माय."

"असं व्हय," भिकाबाई म्हणाली आणि समाधानानं घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामाचं काय आणि बिनकामाचं काय याचा धांडोळा घ्यायला सुरुवात केली. कांद्याची सालं, भाजीची देठं शेळीनं खाल्ली. शेळीच्या लेंड्या परसातल्या दोडक्याच्या वेलाला गेल्या. चुलीतली राख भांडी घासायला, उरलेली चाळून दात घासायला, त्यातूनही उरलेली बियाण्याला चोळायला. फुटकं मडकं कोंबड्यांच्या पाण्याला. कोंबड्या घरात नव्हत्या, पण कधीतरी येतीलच. चिंध्या वाकळेत शिवल्या. तातेरावनं कचेरीतून आणलेले वाया गेलेले कागद चूल पेटवायला. आणि झाडून जी धूळ निघाली ती कुठून आली होती? अंगणातून. मग ती अंगणातच परत गेली. रोज सकाळी घंटा वाजायची, खेमा आशेनं थांबायचा, आणि भिकाबाई दारातून सांगायची, "आज काही न्हाई रे बाबा. पुढच्या घरी बघ."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दारात सफाईचे जमादार उभे राहिले. त्यांना सगळी गल्ली लाडलेसाब म्हणायची. मिशा भरघोस, हातात वेताची छडी, काखेत नोंदवही, आणि मराठी बोलता बोलता मध्येच दखनी उर्दूत शिरायची सवय.

"अम्मा," ते म्हणाले, "तुमच्या घरून अकरा दिवस कचरा न्हाई. मग जातो कुठं?"

"कुठं जाईल? होतच न्हाई."

"ऐसा कैसा? ज्या घरात माणूस हाय त्या घरात कचरा हाय. चार गल्ल्यांत माझी वीस साल नोकरी झाली. बिनकचऱ्याचं घर मी बघितलं न्हाई." त्यांनी छडी नालीकडं वळवली. "ती नाली तुंबली हाय. तुमी रातच्याला गुपचूप तिच्यात टाकता. कबूल करा."

भिकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "या आत! बघा घर! एक काडी सापडली तर नाव बदलून ठेवीन."

लाडलेसाब जोडे काढून आत आले. त्यांनी बाजेखाली वाकून पाहिलं, उतरंडीमागं पाहिलं, शेळीच्या तोंडाकडं संशयानं पाहिलं. परसात दोडक्याचा वेल इतका माजला होता की त्यांनी थबकून एक दोडका हातानं तोलून पाहिला. कचरा कुठंही नव्हता. यामुळं त्यांचा संशय जायच्या ऐवजी वाढलाच.

"इत्ती सफाई चोराच्या घरीच असते," ते म्हणाले. "उद्यापासून रोज एक टोपलं कचरा पायजे. न्हाई तर तुमच्या लेकाच्या कचेरीत कागद जाईल."

हे संध्याकाळी तातेरावच्या कानावर गेलं. त्या कागदाची नक्कल आपल्यालाच करावी लागणार, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो मायपुढं बसून गयावया करू लागला. "माय, थोडा तरी कचरा करत जा की."

"मी? मी कचरा करू?"

"ओंजळभर. लई न्हाई म्हणत मी."

"तुझा बाप मला एकदा बोलला होता, 'भिके, तू कचऱ्यातून घर करशील.' अन् तू मला घराचा कचरा करायला सांगून राहिलास?"

पण लेकाचं पडलेलं तोंड तिला बघवेना. रात्रभर विचार करून सकाळी ती टोपलं घेऊन शेजारच्या नर्मदाबाईकडं गेली. नर्मदाबाई हौशी बाई. तिच्या घरी रोज दोन टोपली कचरा निघे आणि ती तो गाडीत टाकताना आजूबाजूला बघे, आपलं खातंपितं घर चार जणींना दिसावं म्हणून.

"नर्मदे," भिकाबाई म्हणाली, "टोपलंभर कचरा उसना दे."

नर्मदाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साखर म्हणता का मावशी?"

"साखर हाय घरात. कचरा न्हाई."

नर्मदाबाईनं टोपलं शिगोशीग भरून दिलं. लोक मागायला यावेत असा आपला कचरा आहे, या विचारानं ती दिवसभर खूश होती.

भिकाबाई टोपलं घेऊन उंबऱ्यावर बसली. घंटा वाजायला अजून वेळ होता. नुसतं बसवेना म्हणून तिनं वरवर चाळून पाहिलं. वीतभर चांगली सुतळी. ती काढून ठेवली. एक शाबूत गुंडी. तंबाखूची रिकामी डबी, झाकणासकट. अर्धा कंगवा, उरलेल्या अर्ध्या केसांना पुरेल. सहा आंब्याच्या कोया. धुण्याच्या साबणाचा चिंचोक्याएवढा तुकडा. सालं शेळीकडं गेली, राख राखेत गेली. खण् खण् करत गाडी दारात आली तेव्हा टोपल्याच्या तळाशी फक्त टोपलं उरलं होतं.

"आजबी न्हाई?" खेमा म्हणाला.

"होता रे," भिकाबाई ओशाळून म्हणाली. "आत्ता इथं होता."

आता उसनं घेतलेलं परत करणं तर आलं. तिनं सुतळीची गुंडाळी केली, गुंडी पुसली, डबी घासून लख्ख केली, आणि सगळं सुपात नीट मांडून नर्मदाबाईच्या ओट्यावर ठेवलं. "हे तुझं," ती प्रेमानं म्हणाली. "चुकून फेकलं व्हतंस."

नर्मदाबाईनं सूप पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दोन शेजारणी तेव्हाच पाणी घेऊन जात होत्या, त्यांनीही सूप पाहिलं. "माझा कचरा माझ्याच दारात?" नर्मदाबाई कडाडली. "अर्ध्या कंगव्यावर दिवस काढणारी वाटले का मी तुमाला? इश्तेहारात लिवलंय, दुसऱ्याच्या दारात टाकू नये!"

"हा कचरा न्हाईच! ही डबी बघ, नवी हाय!"

"नवी हाय तर तुमीच ठेवा!"

"उसन्याचं कसं ठेवू?"

आवाज चढले. गल्ली गोळा झाली. खेमानं गाडी थांबवली आणि भांडण ऐकायला खाली उतरला. घंटेची दोरी त्यानं गाडीच्या खुंट्याला अडकवली. तेवढ्यात लाडलेसाबही आले आणि त्यांनी छडी आपटून विचारलं, "क्या तमाशा हाय?"

"तमाशा तुमचा!" भिकाबाई म्हणाली. "कचरा कचरा म्हणता, अन् कचरा कशाला म्हणायचं ते एकालाबी ठावं न्हाई. थांबा, दाखवते." आणि साठीची ती बाई कासोटा आवळून चाकावर पाय देऊन गाडीत चढली. उभी राहून ती एकेक वस्तू वर धरू लागली. "हे बघा, धड सूप! हे बघा, अख्खं दोरखंड! कुणी टाकलं हे? लाज वाटती का?"

खेमाच्या बैलांना एकच शिकवण होती. घंटा वाजली की चालायचं, थांबली की थांबायचं. भिकाबाईच्या लुगड्याचा पदर दोरीत गुंतला होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ती फणकाऱ्यानं वळली, घंटा वाजली आणि बैल निघाले. गाडी हलली तशी ती कोलमडली, पदराला हिसका बसला आणि घंटा जोरात वाजली. बैलांनी पाय उचलला. ती जितकी पदर सोडवायला ओढे तितकी घंटा वाजे, आणि घंटा वाजे तितके बैल पळत.

"ये थांब! हो हो!" खेमा मागून धावला. त्याच्यामागं लाडलेसाब, एका हातात छडी आणि दुसऱ्या हातात नोंदवही.

पुढच्या गल्लीत बायांनी घंटा ऐकली आणि सवयीनं टोपली घेऊन बाहेर आल्या. सवयीनं, म्हणजे न बघता. पहिलं टोपलं भिकाबाईच्या डोक्यावर रिकामं झालं. त्यात हरभऱ्याची टरफलं होती. "अगं भवाने!" ती ओरडली, "हे गुरांना घाल की!" दुसऱ्या दारातून केळीच्या साली आल्या, तिसऱ्या दारातून शिळा भात. "भात फेकतीस? शिळ्या भाताचे सांडगे करतात!" गाडी पुढं गेली तरी तिचा आवाज मागं घुमत राहिला. बाजारात भाजीवाल्यांनी आपला पालापाचोळा लांबून नेम धरून फेकला. कुणाचा चुकला नाही.

कचेरीपुढं तर कहर झाला. मोठे साहेब पायऱ्यांवर उभे होते आणि तातेराव त्यांच्यामागं कागद धरून. खणखणत गाडी आली. वर कोथिंबिरीच्या देठांनी मढलेली एक बाई, दोन्ही हातांनी गाडीची कड धरून बसलेली.

"ये कौन है?" साहेबांनी विचारलं.

तातेरावनं तोंड उघडलं. 'माहीत नाही, हुजूर' असं म्हणायचं त्यानं पक्कं केलं होतं. पण तेवढ्यात गाडीतून हाक आली, "तात्या! भाकर शिंक्यावर ठेवलीया! दुपारच्याला खाऊन घे!"

तातेरावनं हातातले कागद खाली केले. "माझी माय हाय, हुजूर," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच साहेबापुढं त्याचा आवाज कापला नाही. साहेबांनी लांब जाणारी गाडी पाहिली. मग म्हणाले, "भाकर घरी जाऊन खाऊन ये."

बैल आपल्या नेहमीच्या वाटेनं थेट कयाधूच्या काठी गेले. गावाबाहेर जिथं रोज गाडी रिती होई तिथं येऊन ते आपोआप थांबले. घंटाही थांबली. भिकाबाईनं डोळ्यांवरची पात बाजूला सारली आणि समोर पाहिलं.

समोर टेकाडच होतं. कैक वर्षांचा हिंगोलीचा केर तिथं पडून होता. वरचा ताजा, पण खालचा पावसापाण्यानं कुजून काळाभोर झालेला. भिकाबाई उतरली. मूठभर उकरून तिनं बोटांनी चुरलं, नाकाशी नेलं, आणि मटकन खालीच बसली. लाडलेसाब धापा टाकत पोहोचले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लागलं का अम्मा?" ते घाबरून म्हणाले.

"साब, हे कुणाचं?"

"क्या?"

"हे खत. कुणाचं हाय?"

आज पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं लाडलेसाबांनी टेकाडाकडं पाहिलं. "कुणाचंच न्हाई. इथपर्यंत आणायचं, एवढाच हुकूम हाय."

"कुणाचंच न्हाई," भिकाबाई पुन्हा म्हणाली. तिनं आणखी एक मूठ उकरली.

लाडलेसाब शेजारच्या दगडावर टेकले. पळून त्यांच्या मिशा खाली आल्या होत्या. ते हळू आवाजात बोलले. "अम्मा, तुमच्या गल्लीत गेल्या साली पटकी आली व्हती. नाली तुंबली, घाण पाणी आडात उतरलं. तीन माणसं गेली. एक तर लेकुरवाळी बाई. तवापासून मी टोपली मोजतो. ज्या घरून कचरा येत न्हाई तिथं मला नालीच दिसते."

भिकाबाईनं हातातलं खत खाली ठेवलं. "मंग हे असं सांगायचं की बाबा," ती म्हणाली. "छडी कशाला आपटायची? माझ्याबी घरात बाळंतीण हाय."

परत येताना खेमानं दोघांनाही गाडीत बसवलं आणि घंटा फडक्यात गुंडाळून ठेवली.

त्या संध्याकाळी लाडलेसाबांनी नोंदवहीत भिकाबाईच्या घरापुढं उर्दूत लिहिलं, 'या घरी कचरा होत नाही. समक्ष खात्री केली.' तातेरावनं त्याची नक्कल करून घरात जपून ठेवली. बदल्यात भिकाबाईनं नाली आपल्याकडं घेतली. सकाळी ती ओट्यावर बसे, आणि नालीकडं टोपलं घेऊन कुणी नुसतं वळलं तरी तिचा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जाई. हळूहळू बाया गाडीत टाकायच्या आधी टोपलं तिलाच दाखवू लागल्या. "हे ठेव. हे शेळीला दे. हे जाऊ दे," ती सांगे. पहिल्या महिन्यातच गल्लीचा कचरा निम्म्यावर आला. नर्मदाबाईचा रुसवा मात्र दोन महिने टिकला. शेवटी तिनं दोडक्याच्या भाजीवर तो सोडला, आणि एकदा कुणी बघत नाही असं बघून 'तो कंगवा हाय का अजून?' म्हणून विचारून गेली.

नातू रांगायला लागला तेव्हा सटवाजी मायला न्यायला बैलगाडी घेऊन आला. भिकाबाईनं आधी गाडी कयाधूच्या काठी न्यायला लावली.

"माय, शिरड बारा-चौदा कोस हाय," सटवाजी काकुळतीला आला. "लोकं विचारतील, शहरातून काय आणलंस?"

"विचारू दे."

लाडलेसाब आणि खेमा दोघांनी फावडी घेऊन गाडी भरून दिली. भिकाबाई वर गोणपाट टाकून बसली. मुक्कामाला औंढ्यात थांबले तेव्हा सटवाजी तोंड लपवून झोपला आणि ती गाडीपाशी राखणीला बसली.

ते खत हळदीच्या रानात पडलं. शहरातलं खत, त्यात निवडून न संपलेलं काय काय होतं. काचेचे मणी, कपबशीचे निळे तुकडे, पितळी गुंड्या. पहिला पाऊस होऊन माती धुपली की ते वर येऊन चमकत. गावातल्या पोरी परकराचा ओचा करून ते वेचत हिंडायच्या, आणि भिकाबाई बांधावर बसून हळदीचं पान मोडलं तर ओरडायची, बाकी काही म्हणायची नाही.